आकाशाला पट्टी लावणारा माणूस : एडविन हबल

भाद्रपद महिन्याचे नाव भाद्रपदा नक्षत्रांवरून पडले, हे पंचांग पाहणाऱ्या आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. गणपतीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमारास, ढगांनी कृपा केली तर, पूर्वेकडे चार ताऱ्यांचा मोठा चौकोन वर आलेला दिसतो. तोच पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा चौकोन. त्याच्या डाव्या कोपऱ्यातून उत्तरेकडे ताऱ्यांची एक ओळ निघते. त्या ओळीपासून थोडे वर, शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यास, एक पुसट, धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ही देवयानी दीर्घिका. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो.

हा ठिपका म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग की आकाशगंगेबाहेरची दुसरी एक आकाशगंगा, हे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. त्याचा निकाल लावणारा माणूस म्हणजे एडविन हबल. त्यांच्या नावाची दुर्बीण अवकाशात फिरते, त्यामुळे नाव आपल्या नातवंडांनाही ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकातले एक वाक्यही सर्वांना पाठ असते : विश्व प्रसरण पावत आहे, हा शोध हबलने लावला.

आम्हाला हे वाक्य अर्धेच खरे वाटते. हा शोध एकट्याचा नव्हता. आणि ज्यांच्या नावावर तो लागला, त्या हबल यांनी स्वतः तो तसा कधी जाहीर केलाच नाही. स्वतःच्या आयुष्याविषयी तिखटमीठ लावून बोलणारा हा गृहस्थ आकाशाविषयी बोलताना मात्र मोजल्यापेक्षा एक शब्द अधिक बोलत नसे. त्यांचे चरित्र यंदाच्या अंकासाठी निवडण्याचे कारण हेच.

वडिलांची इच्छा आणि मुलाचे आकाश

एडविन पॉवेल हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या मार्शफिल्ड या लहान गावी झाला. वडील जॉन हबल विम्याच्या व्यवसायात होते. पुढे कुटुंब शिकागोजवळच्या व्हीटन या गावी राहायला गेले. एडविन अभ्यासात हुशार होता आणि मैदानावरही पुढे होता. उंचापुरा, पिळदार अंगाचा हा मुलगा १९०६ साली शालेय स्पर्धेत उंच उडी मारताना इलिनॉय राज्याचा विक्रम करून गेला. शिकागो विद्यापीठात तो बास्केटबॉलच्या संघात होता. तिथेच गणित आणि खगोलशास्त्राची गोडी लागली. १९१० साली पदवी मिळाली आणि त्यापाठोपाठ ऱ्होड्स शिष्यवृत्ती. त्या काळी तरुणाला याहून मोठा मान नव्हता.

पण वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता. आकाशातले तारे पाहून पोट भरत नाही, असे मानणारे वडील काही आपल्याकडेच असतात असे नाही. एडविन ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात गेला तो कायदा शिकायला. तीन वर्षांत त्याने कायदा आणि स्पॅनिश भाषा शिकली, आणि जोडीला इंग्रजी उच्चारांची ढब, पाइप व इंग्रजी थाटाचे कपडेही उचलले. हे सोंग पुढे जन्मभर टिकले. मिझुरीत जन्मलेला हा माणूस बोलताना अस्सल ऑक्सफर्डचा वाटे, आणि त्यावरून सहकारी पाठीमागे हसत.

जानेवारी १९१३ मध्ये वडील वारले. मुलगा परतला, इंडियाना राज्यातल्या न्यू ऑल्बनी या गावच्या शाळेत वर्षभर स्पॅनिश, भौतिकशास्त्र आणि गणित शिकवले, मुलांच्या बास्केटबॉल संघाला तयार केले. त्या वर्षाच्या अखेरीस मात्र त्याने मनाशी ठरवले, आणि १९१४ साली शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाला. वय पंचवीस. वडिलांच्या शब्दाचे बंधन संपल्यावरच हे घडले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पुढे हबल सांगत की आपण केंटकीत वकिलीही केली आहे. एका नामांकित फ्रेंच मुष्टियोद्ध्याशी दोन हात केल्याची कथाही त्यांच्या नावावर फिरे. चरित्रकारांनी कागदपत्रे धुंडाळली, पण वकिलीचा पुरावा मिळाला नाही आणि मुष्टियुद्धाचाही नाही. पत्नी ग्रेस यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींतून या कथा पुढे छापल्या गेल्या. त्या सोडल्या तरी हबल यांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही, म्हणून आम्हीही त्या इथेच सोडतो.

पट्टी उतरलेला प्रकाश

ऑगस्ट १९१४ मध्ये शिकागोजवळ इव्हान्स्टन इथे अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांचे संमेलन भरले. तिथे नवखे हबल श्रोत्यांत होते. व्यासपीठावर ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेचे व्हेस्टो स्लायफर उभे राहिले आणि त्यांनी सर्पिल तेजोमेघांचे वेग वाचून दाखवले. व्याख्यान संपले तेव्हा सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत असे क्वचितच घडते. स्लायफर यांनी असे काय सांगितले होते, हे कळायला थोडी वाट वाकडी करावी लागेल.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग अलग होऊन पट्टा तयार होतो. यालाच वर्णपट म्हणतात. या पट्ट्यात ठरावीक जागी बारीक काळ्या रेषा असतात. हायड्रोजन, कॅल्शियम, सोडियम अशा प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची मांडणी ठरलेली असते. त्या मांडणीवरून ताऱ्यात कोणते द्रव्य आहे ते ओळखता येते.

आता मैफलीतले उदाहरण घेऊ. एखादा गवई काळी चारऐवजी काळी एकमध्ये गायला, तर त्याचा प्रत्येक सूर खाली उतरतो. पण सा, ग, प यांचे आपसातले नाते बदलत नाही. म्हणून पट्टी कोणतीही असो, भूप ऐकला की भूपच ओळखू येतो, आणि पट्टी किती उतरली तेही जाणकाराला सांगता येते. प्रकाशाचेही तसेच आहे. प्रकाश देणारी वस्तू आपल्यापासून दूर जात असेल तर तिच्या साऱ्या रेषा एकाच प्रमाणात तांबड्या टोकाकडे सरकतात. मांडणी तीच राहते, म्हणून कॅल्शियमच्या रेषा ओळखता येतात. त्या किती सरकल्या ते मोजले की वेग कळतो. या सरकण्याला मराठी शास्त्रीय लेखनात ताम्रसृती म्हणतात. वस्तू जवळ येत असेल तर रेषा उलट, जांभळ्या टोकाकडे सरकतात. हिशेब सोपा आहे. रेषांची तरंगलांबी शेकडा एकने वाढली, तर वस्तू प्रकाशाच्या वेगाच्या शेकडा एक, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. आगगाडी शिट्टी वाजवत आपल्यासमोरून निघून जाताना शिट्टीचा सूर एकदम खाली येतो, त्यातही हेच तत्त्व आहे.

तत्त्व सोपे असले तरी मोजणे भयंकर अवघड. तेजोमेघाचा प्रकाश आधीच मंद, त्यात तो पट्ट्यात पसरला की आणखी मंद होतो. एका छायाचित्रासाठी काचेची पट्टी दोन-दोन, तीन-तीन रात्री उघडी ठेवावी लागे. स्लायफर यांनी साठ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवर हे काम धीराने केले. १९१२ मध्ये त्यांना देवयानीचा वेग मिळाला : सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर, आणि तोही आपल्या दिशेने. म्हणजे रेषा हजारात एक भाग जांभळ्याकडे सरकल्या होत्या. एवढा वेग तोवर कोणत्याही ताऱ्याचा मोजला गेला नव्हता. पुढच्या तेजोमेघांचे वेग आणखी मोठे निघाले, पण दिशा उलटी. १९१७ पर्यंत त्यांनी पंचवीस तेजोमेघ मोजले. त्यांतले एकवीस आपल्यापासून दूर चालले होते.

एवढ्या वेगाने पळणारी वस्तू आपल्या आकाशगंगेच्या ताब्यात राहील कशी? मग हे तेजोमेघ आहेत तरी किती दूर? वेग मिळाले होते, अंतरे नव्हती. ती मोजण्याचे काम हबल यांच्या वाट्याला आले.

एक काच आणि एक दुरुस्ती

१९१७ साली हबल यांनी मंद तेजोमेघांच्या छायाचित्रांवरचा प्रबंध पूर्ण केला. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एलरी हेल यांनी त्यांना नोकरी देऊ केली. पण त्याच वेळी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हबल सैन्यात भरती झाले. ते मेजर झाले, युरोपात पोहोचले, पण त्यांची तुकडी लढाईत उतरण्यापूर्वीच युद्ध संपले. १९१९ च्या सप्टेंबरात ते माउंट विल्सनवर रुजू झाले. सुमारे १,७०० मीटर उंचीच्या त्या डोंगरावर अडीच मीटर व्यासाच्या आरशाची नवी दुर्बीण उभी होती. जगात तेव्हा तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

१९२० साली वॉशिंग्टनमध्ये याच प्रश्नावर वाद झडला होता. हार्लो शॅप्ली यांचे म्हणणे असे की आपली आकाशगंगाच तीन लाख प्रकाशवर्षे पसरली आहे आणि तेजोमेघ तिचाच भाग आहेत. हीबर कर्टिस म्हणत की प्रत्येक सर्पिल तेजोमेघ ही स्वतंत्र आकाशगंगा आहे. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद भरपूर होते, पण देवयानीचे अंतर कोणाच्याच हाती नव्हते.

अंतर मोजण्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी आधीच घडवून ठेवली होती. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांवरच्या ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे काम त्या करत. त्यांना ऐकू कमी येई, पण नजर अचूक होती. सेफीड नावाचे तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी आणि मंद होतात. लेव्हिट यांनी १९१२ साली दाखवून दिले की ज्या सेफीडचा फेरा लांब, तो मुळातच अधिक तेजस्वी. म्हणजे फेरा किती दिवसांचा ते पाहिले की दिवा किती वॅटचा ते कळते. दिवा शंभर वॅटचा आहे हे ठाऊक असेल आणि तो मिणमिणता दिसत असेल, तर तो किती दूर आहे याचा हिशेब करता येतो. लेव्हिट १९२१ मध्ये कर्करोगाने वारल्या. त्यांच्या किल्लीने कोणते कुलूप उघडले ते त्यांना पाहायला मिळाले नाही.

१९२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हबल यांनी देवयानीचे एक छायाचित्र घेतले. काचेवर त्यांना तीन नवे ठिपके दिसले. अचानक उजळणारे हे नवतारे असावेत, असे समजून त्यांनी तिन्हींपाशी खुणेचे अक्षर लिहिले. मग जुन्या काचा काढून ताडून पाहिल्या. तिसरा ठिपका पूर्वीही होता, कधी ठळक, कधी पुसट. तो नवतारा नव्हता, सेफीड होता! हबल यांनी आधीची खूण खोडली आणि तिथे रूपविकारी ताऱ्याची खूण करून पुढे उद्गारचिन्ह काढले. ही काच आजही जपून ठेवलेली आहे.

त्या ताऱ्याचा फेरा एकतीस दिवसांचा निघाला. हिशेब मांडला तर देवयानी नऊ लाख प्रकाशवर्षांहून दूर ठरली. शॅप्लींची आकाशगंगा कितीही मोठी धरली तरी देवयानी तिच्या बाहेर. १९२४ च्या फेब्रुवारीत हबल यांनी शॅप्लींना पत्राने हे कळवले. आपले विश्व या पत्राने उद्ध्वस्त केले, असे शॅप्ली ते पत्र वाचून म्हणाल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस हबल यांचे ग्रेस यांच्याशी लग्न झाले.

एवढा मोठा निकाल हाती असूनही हबल यांनी तो लगेच छापला नाही. त्यांच्याच वेधशाळेतले एक ज्येष्ठ सहकारी, व्हॅन मानेन, यांच्या मोजमापांवरून तेजोमेघ जवळ असल्याचे दिसत होते. दोन्ही खरे असू शकत नव्हते. हबल आणखी सेफीड शोधत राहिले. अखेर १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टनच्या सभेत त्यांचा निबंध वाचला गेला, तोही हेन्री नॉरिस रसेल यांनी. हबल स्वतः हजर नव्हते. त्या दिवशी विश्व एका आकाशगंगेचे राहिले नाही.

खेचरे हाकणारा जोडीदार

आता अंतरे मिळू लागली होती. स्लायफरांचे वेग होते. पण आणखी दूरच्या दीर्घिकांचे वेग हवे होते, आणि स्लायफरांची दुर्बीण तिथवर पोहोचत नव्हती. इथे या चरित्रात मिल्टन ह्युमसन येतात, आणि आमच्या मते त्यांच्यावाचून हे चरित्र लिहिणे अन्यायाचे होईल.

ह्युमसन यांचे शिक्षण आठवीच्या आसपासच सुटले. वेधशाळा बांधली जात असताना ते खेचरांवर सामान लादून डोंगरावर पोहोचवत. वेधशाळेच्या अभियंत्याच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. १९१७ साली ते तिथे झाडलोट करणारे सेवक म्हणून लागले, मग रात्रपाळीचे मदतनीस झाले आणि छायाचित्रे घेण्यात इतके तरबेज झाले की हेल यांनी त्यांना शास्त्रज्ञांमध्ये जागा दिली. पदवी नसलेल्या माणसाला ही जागा देणे अनेकांना रुचले नव्हते.

हबल यांनी अंतरे मोजायची आणि ह्युमसन यांनी ताम्रसृती, अशी विभागणी झाली. ह्युमसन यांच्या वाट्याला आलेले काम शरीर थकवणारे होते. घुमटात शेगडी लावता येत नसे, कारण गरम हवेने प्रतिमा हलते. कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास दुर्बिणीला डोळा लावून, दीर्घिका चिरेवरून निसटू नये म्हणून यंत्र हाताने सावरत बसायचे. पहाटे झडप बंद करायची आणि दुसऱ्या रात्री तीच काच पुन्हा उघडायची. पहिल्याच मोठ्या प्रयत्नात त्यांनी एका दूरच्या दीर्घिकेचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे ३,८०० किलोमीटर निघाला, स्लायफर यांच्या सर्वांत मोठ्या वेगाच्या दुपटीहून जास्त.

१९२९ साली हबल यांचा सहा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चोवीस दीर्घिकांची अंतरे आणि वेग एका आलेखावर मांडले होते. ठिपके विखुरलेले होते, पण त्यांमधून एक सरळ रेषा जात होती. दीर्घिका दुप्पट दूर असेल तर तिचा वेगही दुप्पट. १९३१ मध्ये हबल आणि ह्युमसन यांनी मिळून हीच रेषा सेकंदाला २०,००० किलोमीटरच्या आसपास नेऊन पोहोचवली, आणि ती तिथेही सरळच राहिली. देवयानीसारखी एखादी शेजारीण आपल्याकडे येते ती परस्परांच्या गुरुत्वाकर्षणामुळे. दूरच्या दीर्घिकांत मात्र अपवाद सापडत नाही.

या सरळ रेषेचा अर्थ काय? इलॅस्टिकच्या पट्टीवर एकेक सेंटिमीटरवर शाईचे ठिपके काढा आणि पट्टी ताणून दुप्पट करा. शेजारचा ठिपका एक सेंटिमीटर दूर गेलेला दिसेल, चौथा ठिपका चार सेंटिमीटर. कोणत्याही ठिपक्यावर बसून पाहिले तरी बाकीचे आपल्यापासूनच पळताहेत असे वाटेल. म्हणजे आपण विश्वाच्या मध्यभागी नाही. दीर्घिका अवकाशातून धावत नाहीत, अवकाशच ताणले जाते, आणि वाटेतल्या प्रकाशाची लांबीही त्याबरोबर ताणली जाते.

नावाचा वाटा

हा अर्थ हबल यांच्या निबंधात नाही. तो गणिताने आधीच निघाला होता. रशियातल्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून बदलते विश्व काढून दाखवले. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली स्लायफरांचे वेग आणि हबल यांची अंतरे एकत्र करून प्रसरणाचा दरही काढला. पण तो लेख फ्रेंचमध्ये, एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला. १९३१ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा नेमका तो दराचा भाग वगळलेला होता. यामागे हबल यांचा हात असावा, असा संशय पुढे काहींनी घेतला. २०११ साली जुना पत्रव्यवहार तपासला गेला आणि खुलासा झाला : अनुवाद लमेत्र यांनीच केला होता, आणि नवे आकडे उपलब्ध असताना आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात अर्थ नाही म्हणून तो भाग त्यांनीच गाळला होता. २०१८ साली जागतिक खगोल संघाने या नियमाला हबल–लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली.

हबल यांनी १९२९ च्या निबंधातल्या वेगांच्या तक्त्यात स्लायफरांचे नाव घातले नव्हते, आणि तो बहुतेक तक्ता स्लायफरांच्या मेहनतीवर उभा होता. ही त्रुटी लहान नव्हे. मात्र १९३६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्लायफरांच्या कामाचे श्रेय दिले. १९५३ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, एका व्याख्यानाच्या तयारीत असताना त्यांनी स्लायफर यांना पत्र लिहून कबूल केले की हा सारा विषय तुमच्या वेगांतून आणि माझ्या अंतरांतून उगवला, आणि पहिले पाऊलच सर्वांत मोलाचे असते. उशीर झाला खरा, पण स्लायफर यांच्या हयातीत ते पत्र गेले, हेही खरे.

स्वतःच्या शोधावरची शंका

१९३१ च्या आरंभी आइन्स्टाइन माउंट विल्सनवर आले आणि त्यांनी स्थिर विश्वाची आपली कल्पना सोडून देत असल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी हबल यांना डोक्यावर घेतले. हॉलिवूडचे नट दुर्बीण पाहायला डोंगरावर येऊ लागले. असा मान मिळाल्यावर दुसऱ्या कोणी विश्वाच्या प्रसरणाचा झेंडा खांद्यावर घेतला असता. हबल यांनी घेतला नाही. ते त्या आकड्यांना वेग म्हणण्याऐवजी नेहमी भासमान वेग म्हणत. मोजले ते एवढेच की रेषा सरकल्या आहेत. त्या सरकण्याचे कारण खरी गती आहे की निसर्गाचा अजून न कळलेला एखादा नियम, हे आपण सिद्ध केलेले नाही, असे ते लिहीत राहिले. अर्थ लावणे त्यांनी गणितींवर सोपवले होते.

याला कारणही होते. हबल यांच्या आकड्यांवरून उलटा हिशेब केला तर विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे येई. पण पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने असल्याची चिन्हे दिसत होती. आईपेक्षा लेक वयाने मोठी, असा हा हिशेब! दीर्घिकांची संख्या मोजून त्यांनी वेगळ्या वाटेने तपासणी केली, तीही प्रसरणाशी नीट जुळेना. १९४१ च्या अखेरीस एका सभेत त्यांनी आपले पुरावे प्रसरणाच्या बाजूचे दिसत नाहीत, असे सांगून टाकले. ज्या शोधाने जग त्यांना ओळखत होते, त्याच शोधावर त्यांनी भर सभेत शंका घेतली.

आज आपल्याला ठाऊक आहे की शंका चुकीची होती आणि दोष मोजमापात होता. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवले की सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत आणि हबल यांनी त्यांची गल्लत केली होती. एका फटक्यात अंतरे दुप्पट झाली. हबल यांचे तरुण सहायक ॲलन सँडेज यांनी ती आणखी वाढवली. हबल यांचा प्रसरणाचा दर आजच्यापेक्षा सुमारे सातपट जास्त होता. आता विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे धरतात आणि आई लेकीपेक्षा मोठी झाली आहे. १९६५ साली सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मतरंग सापडले, आणि एके काळी विश्व दाट व तप्त होते, याची साक्ष मिळाली.

अखेरचे दिवस

दुसऱ्या महायुद्धात हबल मेरीलँड राज्यातल्या लष्करी चाचणी केंद्रावर तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित पाहत होते. त्याबद्दल १९४६ मध्ये त्यांना सरकारी पदक मिळाले. युद्धानंतर पालोमार डोंगरावर पाच मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली. जानेवारी १९४९ मध्ये तिच्यातून पहिले छायाचित्र घेण्याचा मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी जुलैत हृदयविकाराचा झटका आला. घरात ग्रेस आणि निकोलस कोपर्निकस नावाचे लाडके मांजर, एवढाच परिवार होता. वैद्यांनी बजावूनही ते पुन्हा डोंगरावर गेले. २८ सप्टेंबर १९५३ रोजी मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा समारंभ झाला नाही, आणि त्यांचे दफन कुठे झाले हे ग्रेस यांनी कोणालाही कळू दिले नाही. नोबेल पारितोषिक मिळाले नाही, कारण तेव्हा भौतिकशास्त्राच्या पारितोषिकासाठी खगोलशास्त्र विचारात घेत नसत. १९९० साली अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीला त्यांचे नाव दिले गेले आणि तिच्या प्रमुख कामांपैकी एक होते प्रसरणाचा दर नव्याने मोजणे.

हबल यांची शंका वाया गेली असे आम्ही मानत नाही. आपल्या कोल्हापूरच्या नारळीकर घराण्याचे उदाहरण समोर आहे. विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला गणित शिकवत. त्यांचे पुत्र जयंत तिथेच वाढले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केले, आणि पुढे पुण्यात आयुका संस्था उभी केली. दीर्घिकांची ताम्रसृती त्यांनी मान्य केली, पण प्रत्येक ताम्रसृतीचे कारण प्रसरणच असते का, हा प्रश्न मात्र २०२५ साली निधन होईपर्यंत त्यांनी सोडला नाही. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. तरीही त्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणी नाकारला नाही, कारण तो मोजमापांच्या आधारे विचारलेला होता.

आजही प्रसरणाचा दर दोन पद्धतींनी मोजला की दोन वेगवेगळी उत्तरे येतात, एक ६७ च्या आसपास आणि दुसरे ७३ च्या आसपास. यातले बरोबर कोणते, यावर जगभर काम चालू आहे. म्हणून घरातल्या मुलांना हबल यांच्याविषयी सांगताना नुसते विश्व प्रसरण पावते एवढेच सांगू नये, असे आम्हाला वाटते. स्लायफर, लेव्हिट, ह्युमसन, लमेत्र ही नावेही त्यांच्या कानावर घालावीत. आणि हेही सांगावे की ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्याने जेवढे मोजले तेवढेच सांगितले, आणि न मोजलेल्या गोष्टीपुढे शेवटपर्यंत प्रश्नचिन्ह राहू दिले.